ओटीतलं मूल, वकिलाची फाइल

सन १८५४. आग्र्याहून निघालेला एक गोरा वकील झाशीला येऊन पोचतो. नाव जॉन लँग. जन्म ऑस्ट्रेलियातला, पेशा वकिली, आणि जोडीला कादंबऱ्या लिहायचा नाद. राणी लक्ष्मीबाईंनी त्याला बोलावलं होतं ते दत्तकासाठी. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावाला दत्तक घेतलं होतं आणि कंपनी सरकार ते मानायला तयार नव्हतं. राणी पडद्याआडून बोलत होत्या. मधेच छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला आणि आपल्याला राणी दिसल्या, असं लँगने पुढे लिहून ठेवलं आहे. अर्ज फेटाळला गेला. गव्हर्नर जनरल डलहौसीने आधीच खालसा केलेली झाशी खालसाच राहिली.

म्हणजे दत्तकाची वकिली आपल्याकडे नवी नाही. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथेच खेटे घालत राहिले. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनीही पेन्शनसाठी अजीमुल्ला खानला विलायतेला धाडलं. दोघांच्याही हाती काही लागलं नाही.

पण मराठी माणसाच्या दृष्टीने दत्तकाचा सगळ्यात मोठा खटला पुण्याचा, ताईमहाराजांचा. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळक विश्वस्त झाले. विधवा ताईमहाराजांनी १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाला मांडीवर घेतलं. नंतर त्यांनी मन बदललं, औरंगाबादचं दत्तक नाकारलं आणि कोल्हापूरचा दुसराच मुलगा दत्तक घेतला. अ‍ॅस्टन नावाच्या न्यायाधीशासमोर टिळकांची दिवसच्या दिवस उलटतपासणी झाली. दिवाणी वादातून खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला निघाला आणि १९०३ मध्ये टिळकांना शिक्षा झाली. १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. औरंगाबादचं दत्तक खरं, हे मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं ते थेट १९१५ मध्ये. टिळकचरित्र वाचणारे बहुतेक जण ही पानं भराभर उलटतात. खरं तर मंडालेचा तुरुंगवास सोडला तर टिळकांना इतकं दमवणारं दुसरं काही झालं नसावं.

एवढं भांडायचं कशासाठी? जमीनजुमल्यासाठी. जुन्या मुंबई इलाख्याच्या रिवाजात नवऱ्याने मनाई केली नसेल, तर विधवेला त्याच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. आणि असा दत्तक मुलगा जणू नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच जन्मला असं धरलं जाई. म्हणजे वीस वर्षांनी मांडीवर बसलेला मुलगा भाऊबंदांच्या हातातली शेतं परत मागू शकत असे. वकिलांच्या दोन-दोन पिढ्या एकेका वाड्यावर जगल्या. मूल कसं वाढतंय, हे त्यात कुणी विचारत नव्हतं.

महात्मा फुल्यांचं उदाहरण म्हणून वेगळं पडतं. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये जवळ केला आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. इथे गादी नव्हती, जहागीर नव्हती. तरीही जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याची रीतसर नोंदणी केली. भाऊबंद काय करतील याचा त्यांना अंदाज असावा. १८९० मध्ये अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून वाद झालाच, आणि अखेर सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने जुन्या घोळाला बराच आळा घातला. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, जात आडवी येईना, होमहवनाची सक्ती गेली. मागच्या तारखेने मिळकत हिसकावण्याची सोय संपली. विधींपैकी राहिली ती एक अट: मूल खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेलं पाहिजे. आपल्याकडे त्याला ‘ओटीत घातलं’ म्हणतात. जुने वकील अजूनही दत्तकपत्राबरोबर समारंभाचे फोटो लावायला सांगतात, कारण पुढेमागे चुलते कोर्टात गेले तर ते कामी येतात. दत्तकपत्रावर देणारे आणि घेणारे दोघांच्याही सह्या हव्यात. दुय्यम निबंधकाकडे ते नोंदवलेलं असेल, तर दत्तक खरं असं कोर्ट मुळातच गृहीत धरतं.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. वसईच्या ख्रिस्ती जोडप्याला किंवा दादरच्या पारशी बाईला १८९० च्या कायद्याने नुसतं पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपे.

वळण आलं ते एका पत्राने. परदेशात पाठवल्या जाणाऱ्या भारतीय मुलांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सुप्रीम कोर्टाला लिहिलं. न्यायमूर्ती भगवतींनी पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये निकाल दिला. त्यातून नियम आले, १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली. पुढे बालन्याय कायद्याने धर्म न पाहता दत्तकाची वाट उघडली आणि शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला.

आता गंमत अशी, की संस्थेतलं मूल घ्यायचं असेल तर वकील लागतच नाही. काराच्या पोर्टलवर नोंदणी, समाजसेविकेचा गृहभेट अहवाल, मग रांग. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकं झाली, आणि रांगेत माणसं हजारोंनी आहेत. तीन-तीन वर्षं वाट पाहून कंटाळलेलं जोडपं मग वकिलाची पायरी चढतं: ‘एका नर्सिंग होममध्ये बाळ आहे, आई द्यायला तयार आहे, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून द्या ना.’ स्टॅम्प पूर्वी शंभराचा असे, आता पाचशेचा. दत्तकाच्या वकिलाचं अर्धं काम इथे ‘नाही’ म्हणणं हे असतं. मूल सोडून देणाऱ्या आईला बालकल्याण समितीपुढे यावं लागतं आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. ते दिवस कुणाला विकत घेता येत नाहीत. मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अशील रडतात, चिडतात आणि कधी कधी दुसऱ्या वकिलाकडे जातात.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कोर्टात पडून असलेली प्रकरणं तिकडे वळवायला मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती दिली होती. कोर्टाच्या तारखा टळाव्यात हा बदलाचा हेतू पटण्यासारखा आहे. पण पूर, निवडणुका आणि पीकविमा यांच्या फायलींत बाळाची फाइल कितवी लागते, हे कलेक्टर कचेरीत खेपा घातलेल्यांना विचारावं.

वकिलाची खरी गरज लागते ती नात्यातल्या दत्तकात. भुसावळचं प्रकरण बघा. घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची होती. आईवडील राजी, मूल घरातलंच. तरी अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळला होता, कारण बाई एकटी आणि नोकरी करणारी, तिला मुलीकडे लक्ष द्यायला वेळ कुठला! एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी तो आदेश रद्द केला आणि ही मध्ययुगीन मनोवृत्ती असल्याचं सुनावलं. नोकरी करणाऱ्या बापाला हा प्रश्न कुठल्या कोर्टाने विचारला असता?

परदेशस्थ मराठी कुटुंबांचं दुखणं निराळं. सुट्टीत गावी यायचं, धाकट्या दिराचं मूल ओटीत घ्यायचं, भटजी, फोटो, दत्तकपत्र, सगळं यथासांग. मग व्हिसाच्या वेळी कळतं, की भारताने २००३ मध्ये स्वीकारलेल्या हेग करारामुळे नुसत्या दत्तकपत्राने भागत नाही. काराचं ना हरकत पत्र लागतं. मूल आजीजवळ राहतं आणि आईबाप व्हिडिओ कॉलवर.

आणि काही अशील फार वर्षांनी येतात. युरोपात वाढलेली, मराठीचा शब्दही न येणारी पस्तिशीतली बाई पुण्यातल्या वकिलासमोर बसते. हातात जुन्या आदेशाची झेरॉक्स, त्यावर संस्थेने ठेवलेलं एक नाव. अठरा पूर्ण झाल्यावर आपलं मूळ शोधायचा हक्क तिला नियमांनी दिला आहे. पण जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिचीही इच्छा मोडता येत नाही. वकील अर्ज तयार करतो, जन्मतारखेचा रकाना भरतो आणि विचारतो, ‘ही तारीख खरी, की संस्थेने अंदाजाने घातलेली?’ तिला माहीत नसतं.