कुरण, कुंपण आणि कास

साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपदात फुलांचे गालिचे पसरतात आणि आपल्या घाटकोपर-मुलुंडकडचीही अनेक कुटुंबे रविवार साधून तेथे जातात. या पठारावर गेली काही वर्षे एक वाद चालू आहे, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हा वाद गवताचा आहे.

कासचा कातळ जांभ्याचा आणि त्यावरील मातीचा थर अगदी पातळ. सोनकी, तेरडा, सीतेची आसवे अशा ठेंगण्या वनस्पती येथे फुलतात. भोवतालच्या गावांची गुरे पिढ्यान्पिढ्या येथेच चरत आली. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांत कास होते. गर्दी वाढली, जाळीचे कुंपण आले आणि चराई थांबली. पुढे ग्रामस्थ व काही वनस्पतितज्ज्ञ म्हणू लागले की, गुरे गेल्यामुळे उंच गवत माजले आणि त्याखाली फुले गुदमरली. मोकळी चराई व बेशिस्त पर्यटक यांमुळे पठार तुडवले जाईल, ही दुसऱ्या पक्षाची भीती. अलीकडे कुंपण हटवले गेले. प्रश्न मात्र उरलाच आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वाद परिचित वाटेल. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामाईक कुरणाचेच उदाहरण घेऊन सांगितले की, जे सर्वांचे असते त्याचा नाश अटळ असतो. म्हणून त्यावर सरकारची अथवा खाजगी मालकी हवी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावे अभ्यासून हे मत खोडून काढले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या गावात 1517 सालापासून नियम होता: हिवाळ्यात जितकी गुरे स्वतः पोसता येतील, तितकीच उन्हाळी कुरणावर सोडावीत. नियम गावानेच केला, म्हणून तो पाळला गेला. ऑस्ट्रॉम यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याउलट अनुभव सोलापूरकडचा. 1979 साली माळढोकसाठी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि जो पक्षी राखायचा, तोच शेतकऱ्यांच्या रोषाचा विषय ठरला. पुढे क्षेत्र बरेच घटवावे लागले. माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसाच झाला आहे.

तात्पर्य, संरक्षणाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हा मूळ प्रश्न आहे. पठार राखल्याचा आनंद शहरवासीयांना मिळतो; चारा मात्र गावाच्या गुरांचा जातो. प्रवेशशुल्कातून ग्रामस्थांच्या समितीला उत्पन्न मिळते, ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु चौकीवर पावती फाडणे म्हणजे निर्णयात वाटा नव्हे. पठाराच्या काही भागात मोजकी चराई, काही भागात गवताची कापणी आणि काही भाग पूर्ण बंद, असा प्रयोग पाच-सात वर्षे करावा; फुलांची गणना वनस्पतितज्ज्ञ व ग्रामस्थ यांनी मिळून करावी आणि तिच्या आधारे गुरांची संख्या गावांनीच ठरवावी. ज्याच्या दावणीला त्याची झळ लागते, त्याला गवताविषयी बोलण्याचा पहिला अधिकार असला पाहिजे. त्याने राखले, तरच आपल्याला पाहायला फुले उरतील.