समेवर येणारा गोंगाट

बालरोगतज्ज्ञाच्या कानांना आक्रोशाची सवय असते. लस टोचल्यावर रडणारे मूल, भुकेने रडणारे मूल आणि पोटदुखीने कळवळणारे मूल यांतला फरक आम्ही दाराबाहेरूनच ओळखतो. आवाजावरून निदान करण्याचा मला थोडा अभिमानही होता. मात्र माझ्याच घरातल्या एका आवाजाचे मी केलेले निदान साफ चुकले. त्या चुकीची ही हकीकत आहे.

गोष्ट २०१४ सालची. चिरंजीव अकरावीत होते आणि रामबागेतील आमच्या घराच्या माडीवर त्यांचा ड्रमसेट होता. त्यांना वेड होते ‘एक्स्ट्रीम मेटल’चे. डेथ मेटल, ब्लॅक मेटल, ग्राइंडकोअर अशी याच्या उपप्रकारांची नावे ऐकूनच सुज्ञ पालकाचा रक्तदाब वाढावा! १९८० च्या दशकात अमेरिका-युरोपात रुजलेले हे संगीत आपल्या इंदुरातही पोचले होते. ‘निकोटिन’ नावाचा बँड इथे २००६ सालीच सुरू झाला आणि त्याचा गायक दिग्विजय भोंसले हा आमच्या चिरंजीवांचा आदर्श. बँडचे नाव ऐकून मी काय बोललो असेन, हे वैद्यकीय व्यवसायातील वाचकांना सांगायला नको. “हे संगीत नव्हे, हा आजार आहे,” असा निकाल देऊन मी बारावीच्या नावाखाली ड्रमसेट घराबाहेर काढला. रुग्णाला न तपासता औषध लिहून देणाऱ्याला आपण काय म्हणतो, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

ड्रमसेट जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलगा शेवटचे वाजवीत होता. माझे वडील, अप्पा, जिन्याखालच्या खुर्चीत बसले होते. अप्पांनी उभे आयुष्य भजनी मंडळात मृदंगाची साथ केली. होळकर दरबारच्या आश्रयाने नानासाहेब पानसे यांनी याच शहरात पखवाजाचे एक घराणे उभे केले, याचा अप्पांना घरचा असावा तसा अभिमान होता. ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. मी त्रासून दार लावायला निघालो, तेव्हा म्हणाले, “थांब रे. पोरगा समेवर येतोय.”

मी दार लावलेच.

अप्पा २०१९ साली गेले. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत मुलगा पुण्याची नोकरी घरून करण्यासाठी इंदुरात आला. दवाखान्यात रुग्ण तुरळक, संध्याकाळ मोकळी. एके दिवशी मी भीत भीतच विचारले, “आजोबा तेव्हा काय मोजत होते रे?” त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि ‘मेशुगा’ या १९८७ साली स्थापन झालेल्या स्वीडिश बँडचे एक गाणे लावले. मला नेहमीप्रमाणे गदारोळच ऐकू आला. तो म्हणाला, “बाबा, हातातली झांज तेवढी मोजा. ती साध्या चाराच्या चालीत आहे. आता गिटार आणि पायाचा ढोल मोजा.”

तेव्हा गणित उलगडू लागले. समजा, झांज बत्तीस मात्रांचे आवर्तन धरून आहे आणि गिटार सात मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत आहे. तुकडा दर वेळी वेगळ्या ठिकाणी सुरू होणार, म्हणजे ऐकणारा हरवणार. चार वेळा सात म्हणजे अठ्ठावीस. उरलेल्या चार मात्रांत तुकडा कापून सगळे एकदम समेवर येणार. प्रत्यक्षातले हिशेब याहून पुष्कळ अवघड असतात आणि वादक ते कागदावाचून सांभाळतात. तिहाई ऐकताना मान डोलावणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ही गंमत परकी वाटू नये. अप्पांना ती पाठ वळवूनही कळली होती.

गती हा दुसरा भाग. मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याचे चार आघात पायांनी वाजवायचे, म्हणजे सेकंदाला तेरांहून अधिक आघात दोन पायांत वाटून घ्यायचे. ही लय मिनिटानुमिनिटे टिकवायची आणि त्याच वेळी हात ‘ब्लास्ट बीट’ या प्रकारात निराळे काम करीत असतात. स्नायू ताठरले की लय मोडते. त्यामुळे येथे ताकदीपेक्षा शिथिलता लागते; मनगट, बोटे आणि घोटा यांतून उसळी घ्यावी लागते. सराव अतिसंथ लयीत सुरू करून मेट्रोनोमचा काटा महिनोन्‌महिने थोडा थोडा पुढे सरकवायचा, हीच रीत. तबल्यावर रेला बसवणारा विद्यार्थी याहून वेगळे काय करतो? इंग्लंडमधील दोन विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी ‘ब्लॉन्डी’ या रॉक बँडचे ड्रमवादक क्लेम बर्क यांची तपासणी केली, तेव्हा कार्यक्रमात त्यांच्या हृदयाचे ठोके सरासरी १४० ते १५० च्या घरात आढळले. मेटलची गती तर त्याहूनही चढी.

तिसरा भाग गळ्याचा, आणि इथे डॉक्टर या नात्याने माझे कुतूहल जागे झाले. ती गुरगुर म्हणजे घसा फाडून ओरडणे, असा माझा समज होता. स्वरयंत्रात दुर्बीण घालून केलेल्या तपासण्या वेगळे सांगतात. निष्णात गायकात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेले मिथ्या स्वरतंतू आणि आसपासच्या घड्या कंप पावतात आणि तो खरखरीत नाद मुख्यतः तिथे निर्माण होतो. श्वासाला आधार पोटाचा आणि घशावर ताण कमीत कमी. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गायनशिक्षिकेने तर २००५ सालीच या तंत्राची शिकवणी डीव्हीडीवर आणली. जो न शिकता नुसता ओरडतो, त्याच्या स्वरतंतूंवर सूज येते, गाठी येतात. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या ओरडणाऱ्या मुलांच्या येतात तशाच.

मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ बँडचा २०१७ सालचा ‘दशावतार’ हा अल्बम मुलाने त्याच दिवसांत ऐकवला. विष्णूच्या दहा अवतारांवरची ती गाणी! नरसिंहाची गर्जना कशी असावी, हे कीर्तनात ऐकत वाढलेल्या मला तो आवाज तिथे वावगा वाटला नाही. हे संगीत मला आवडू लागले, असे म्हणणे खोटे ठरेल. अजूनही रात्री मी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला विलंबित ख्यालच लावतो. पण न आवडणे आणि संगीतच नसणे, या दोन गोष्टी मी इतकी वर्षे एक मानल्या होत्या.

येथे लेख संपला असता तर बरे झाले असते. २०२२ साली मुलगा सहज बोलून गेला की, डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते. श्रवणचाचणी केली. आलेखात ४००० हर्ट्झपाशी ती परिचित खाच होती. गोंगाटाने दुखावलेल्या कानाची सही. चौकशी केली तेव्हा कळले की, ड्रमसेट घरातून गेल्यावर त्याने सराव सोडला नव्हता. सियागंजात मित्राच्या वडिलांचे गोदाम होते. तेथे पत्र्याच्या बंद खोलीत दोन वर्षे, रोज दोन-दोन तास, कानांत बोळासुद्धा न घालता तो वाजवीत असे.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हणालो.

“तुम्ही तेही बंद केलं असतं, बाबा.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात, आणि बंद खोलीतला ड्रमसेट ती पातळी सहज ओलांडतो. हे कोष्टक मला पाठ होते. परक्याचे मूल असते तर पाच मिनिटांत समजावून सांगितले असते. स्वतःच्या मुलाला सांगितले नाही, कारण तो जे करतो ते सांगण्याजोगे आहे, असे मी मानलेच नव्हते. गेलेल्या केशपेशी परत येत नाहीत.

आता तो पुण्यात सुट्टीच्या दिवशी वाजवतो. कानांत मापाने बनवून घेतलेले प्लग असतात. शिट्टी मात्र थांबलेली नाही.

डॉक्टर मित्रांनो, आपल्याकडे अशी मुले येतील. काळा टी-शर्ट, वाढवलेले केस आणि सोबत हवालदिल आई. त्यांना संगीताची अभिरुची शिकवू नका. किती वाजवतोस, कुठे वाजवतोस आणि कानांत काय घालतोस, एवढे तीन प्रश्न विचारा. मुलगा उत्तर देईल, पण त्याला आपले ऐकले जाते आहे असे वाटले, तरच. मी माडीचे दार लावले नसते, तर मलाही त्याने ते दिले असते.