ग्वाल्हेरचा मराठी माणूस टाळ्या कोणासाठी वाजवतो?

एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर पैज लावा, जिंकाल. ते ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचं. १९९७च्या महिला विश्वचषकात तिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. आणि कुठे? वांद्रे पूर्वेला, एमआयजी क्लबच्या मैदानावर. सचिन ज्या साहित्य सहवासात वाढला, ती वसाहत याच भागातली. म्हणजे पहिलं द्विशतक झालं सचिनच्या गल्लीत, आणि पुरुषांमधलं पहिलं झालं शिंद्यांच्या ग्वाल्हेरात. मुंबईकरांनी ते दूरदर्शनवर पाहिलं. लष्करातल्या मराठी मंडळींना मात्र ते घरच्या मैदानावर मिळालं.

इथे लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरचा एक भाग. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून निघालेल्या शिंद्यांच्या फौजेचा तळ दौलतरावांच्या काळात इथे कायमचा पडला आणि तळाचं शहर झालं. तंबू गेले, नाव राहिलं. आजही रिक्षावाल्याला चिटणीस की गोठ, मांढरे की माता किंवा ढोलीबुवा का पुल सांगा, तो मुकाट्याने नेऊन सोडतो. एवढं जुनं स्थलांतर असलं की आपण बाहेरून आलो हे सांगायला घरात कुणी उरत नाही. तरी सामन्याच्या दिवशी रक्त बोलतंच.

आता आकडे. कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर सचिनने १९९६च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्ध ७० केल्या. २००३मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १००, त्याच डावात लक्ष्मणच्या १०२. आणि २४ फेब्रुवारी २०१०ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००. सत्तर, शंभर, दोनशे. मैदानाने हप्त्याहप्त्याने कर्ज फेडावं, तसा हा हिशेब.

त्या दोनशेचा तपशील पाठ असणारे बरेच आहेत: चेंडू १४७, चौकार २५, षटकार ३, वय ३६ आणि हा त्याचा ४४२वा एकदिवसीय सामना. शेवटी पायात गोळे येत होते, पण रनर घेतला नाही. सचिन १९९वर उभा आणि समोर धोनी दणादण मारतोय. एरवी धोनीच्या षटकारावर नाचणारं मैदान त्या वेळी एकच मागत होतं, बाबा, एक धाव काढ आणि पलीकडे जा! शेवटच्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर सचिनने ती एक धाव घेतली. भारत ३ बाद ४०१, विजय १५३ धावांनी. आफ्रिकेच्या डिव्हिलियर्सने नाबाद ११४ केल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याचं कौतुक झालं असतं, त्या रात्री त्याची दखल घ्यायला कुणाला सवड नव्हती. ममता बॅनर्जींनी त्याच दिवशी रेल्वे अर्थसंकल्प मांडला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्या बिचाऱ्या अर्थसंकल्पाचं काय झालं असेल, याची कल्पना करावी.

पुरुषांमधला याआधीचा विक्रम १९४चा, दोघांच्या नावावर. एक झिंबाब्वेचा चार्ल्स कॉव्हेंट्री, दुसरा पाकिस्तानचा सईद अन्वर. अन्वर १९९७मध्ये चेन्नईला द्विशतकाच्या उंबरठ्यावर पोचला होता. झेल गांगुलीने घेतला. गोलंदाज? सचिन तेंडुलकर. दार स्वतःच अडवून धरलं आणि तेरा वर्षांनी स्वतःच उघडलं!

ग्वाल्हेरने पुढे एका रस्त्याला सचिन तेंडुलकर मार्ग असं नाव देऊन टाकलं. आणखी एक गंमत बघा. पुरुषांमधलं दुसरं द्विशतक सेहवागचं, २१९, डिसेंबर २०११, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. पहिलं शिंद्यांच्या राजधानीत, दुसरं होळकरांच्या. पेशवाईत या दोन घराण्यांची चुरस किती विकोपाला गेली होती हे ठाऊक असणाऱ्याला यात योगायोग दिसणार नाही. होळकरांनी उत्तर दिलं, एवढंच तो म्हणेल.

ज्या रूपसिंगांच्या नावाचं हे मैदान, ते क्रिकेटचे नव्हतेच. हॉकीचे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ आणि शिंद्यांच्या फौजेतले कॅप्टन. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं, त्यात ध्यानचंदांचे गोल आठ आणि रूपसिंगांचे दहा. धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं, तरी पाठ्यपुस्तकात थोरलाच गेला. धाकट्यांच्या नशिबी हे असतंच.

फुटबॉल कुठे आहे, असं कोल्हापूरकर विचारतील. रास्त आहे. विश्वचषक आला की तिथल्या पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात, जणू दोन्ही देश पंचगंगेच्या काठावरच वसलेत. ग्वाल्हेरला तो नाद लागला नाही. इथली फाळणी वेगळी आहे.

ती समजायला आधी लंडनला जाऊन येऊ. १९९०मध्ये ब्रिटिश राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी एक कसोटी काढली: आशिया आणि वेस्ट इंडीजमधून येऊन ब्रिटनमध्ये राहिलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, म्हणजे त्यांची निष्ठा कळेल. बराच गदारोळ झाला. भारतातल्या भारतात हा पेपर ग्वाल्हेरच्या मराठी माणसालाही द्यावा लागला, दोनदा.

पहिल्यांदा एप्रिल १९९७मध्ये. रणजी करंडकाचा अंतिम सामना, विद्युतझोतात, रूपसिंग स्टेडियमवर, मुंबई विरुद्ध दिल्ली. रणजीत हा प्रकार तेव्हा नवाच होता. संजय मांजरेकरच्या मुंबईने करंडक नेला. हा पेपर सोपा होता. दिल्ली आपली म्हणायला ग्वाल्हेरात कुणाला काय कारण?

दुसरा पेपर अवघड निघाला. जून २०२२, बंगळुरू, रणजीचा अंतिम सामना: मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. एकीकडे ४१ वेळा करंडक उचललेली पूर्वजांच्या मुलखातली मुंबई, दुसरीकडे रेशनकार्डावरचं राज्य, ज्याने हा करंडक एकदाही पाहिला नव्हता. त्यात भर म्हणजे मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, अस्सल मुंबईकर! हेच पंडित १९९९मध्ये याच बंगळुरूत मध्य प्रदेशचे कर्णधार होते आणि कर्नाटककडून अंतिम सामना हरले होते. मुंबई आणि विदर्भ या दोन्ही संघांना त्यांनी प्रशिक्षक म्हणून करंडक जिंकून दिला होता, आता तिसरी पाळी. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार अशी तीन शतकं झाली आणि मध्य प्रदेशने सहा गडी राखून मुंबईला हरवलं. पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबिटसाहेबांनी या निकालाला किती गुण दिले असते? मुंबईला हरवणारा मुंबईकर, त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारा ग्वाल्हेरचा मराठी. माझ्या मते शंभरपैकी दोनशे.

सचिनच्या त्या दोनशेनंतर मात्र ग्वाल्हेरात आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा दुष्काळ पडला. तो संपला ६ ऑक्टोबर २०२४ला, शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर. त्याला नाव माधवराव शिंद्यांचं, जे १९९०पासून तीन वर्षं भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. पाहुणे बांगलादेश, प्रकार वीस षटकांचा. भारताने बाराव्या षटकातच सामना गुंडाळला. चौदा वर्षं वाट पाहून तिकीट काढलेल्यांना वेळेआधीच घरी पाठवलं. वाटेत नया बाजारात बहादुराचे लाडू घ्यायला तरी मोकळा वेळ मिळाला म्हणायचा.