सायकलवरून बीजिंग : एका वैद्याचे नगरदर्शन

परदेशातील महानगर कोणत्या वेगाने पाहावे, हा प्रश्न वरकरणी प्रवाशाचा वाटतो. वस्तुतः तो निरीक्षणाचा, म्हणजेच आपल्या व्यवसायाचाही प्रश्न आहे. भुयारी रेल्वेने शहराचे केवळ तुकडे दिसतात, मोटारीतून दर्शनी भाग दिसतो आणि पायी हिंडून दिवसाकाठी एखादी पेठ पाहून होते. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तिन्हींना अवसर देणारा वेग सायकलचा होय. पत्नीच्या नोकरीनिमित्त 2023 पासून दोन वर्षे प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य बीजिंगमध्ये होते. चिनी परवान्यावाचून तेथे चिकित्सा करता येत नाही. त्यामुळे वेळ हाताशी होता आणि भाषा जेमतेम. अशा परक्या रहिवाशाला सायकलने जे शिकविले, त्यातील वैद्य व औषध-व्यावसायिक यांच्या उपयोगाचा भाग येथे मांडीत आहे.

नगराची शरीररचना

बीजिंगचा मुख्य भाग सपाट असल्याने चाळिशी उलटलेल्या मनुष्यासही तेथे सायकल सुखाने चालविता येते. रस्ते बहुतांशी दिशांना धरून आखलेले आहेत. म्हणूनच तेथील जुना रहिवासी वाट सांगताना उजवे-डावे न म्हणता पूर्वेस वळा, उत्तरेस जा असे सांगतो. नगराचा कणा म्हणजे दक्षिणेतील योंगदिंगमेन वेशीपासून उत्तरेतील नगारा व घंटा मनोऱ्यांपर्यंतचा 7.8 किलोमीटरचा मध्य-अक्ष. 2024 मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. या अक्षावरच 1420 मध्ये पूर्ण झालेला राजप्रासाद असल्यामुळे सायकलस्वारास खंदकाच्या कडेने वळसा घालून जावे लागते.

अनेक चौकांच्या नावांच्या शेवटी ‘मेन’ म्हणजे वेस हा शब्द येतो; प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी वेस नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तट पाडण्यात आले आणि त्यांच्या जागी बव्हंशी सुमारे 33 किलोमीटरचा दुसरा वर्तुळमार्ग आला. त्याच्या आतील ‘हुतोंग’ नामक गल्ल्यांत सायकलच खरी उपयोगाची. भाजी निवडणाऱ्या आजी, पिंजऱ्यातील पक्ष्यास वारा खाण्यास घेऊन निघालेले आजोबा, हाती कोमट पाण्याची बाटली धरून बसलेला राखणदार अशी माणसे त्या वेगाने सहज दृष्टीस पडतात. साध्या गरम पाण्याचे सेवन तेथे सार्वत्रिक आहे. उष्णोदकाचे महत्त्व रुग्णांस पटविताना दमणाऱ्या आपल्या वैद्यांस त्याचा हेवा वाटावा.

ईशान्य भागातील योंगहगोंग या लामा विहारात मैत्रेय बुद्धाची भूमीवर 18 मीटर उंच भरणारी मूर्ती आहे. ती चंदनाच्या एकाच खोडातून घडविलेली आहे. चंदन तोळ्यावर मोजणाऱ्या आपल्या मंडळींनी तिच्यापुढे क्षणभर तरी उभे राहावे.

मार्ग आणि अवरोध

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात; भारतीयास पहिले काही दिवस हे मनात घोकावे लागते. मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका असते, पुष्कळ ठिकाणी मोटारींपासून झाडांच्या रांगेने वा कठड्याने वेगळी केलेली. चौकात डावीकडे जाताना आधी सरळ ओलांडून, मग दुसऱ्या दिव्याची वाट पाहून वळणे हाच सुरक्षित मार्ग होय. मागून नि:शब्द येणाऱ्या विजेवरील दुचाक्या हा आजचा मुख्य धोका आहे. जेवणाचे डबे पोहोचविणारे तरुण त्यांवरून विलक्षण घाईने जातात.

या मार्गिकांचा इतिहास मननीय आहे. 1986 च्या सुमारास, पायी चालणे वगळता, या शहरातील सहा दशांशांहून अधिक फेऱ्या सायकलने होत. पुढे मोटार हे प्रगतीचे आणि सायकल हे मागासलेपणाचे लक्षण ठरले. मार्गिका अरुंद झाल्या, त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि 2010 पर्यंत ते प्रमाण एक पंचमांशाच्याही खाली आले. स्रोतसांचा अवरोध झाला की विकृती अन्यत्र प्रकट होते, तसे वाहतूक-कोंडी आणि धूर यांनी शहरास ग्रासले. पुढे फोनवर संकेतचिन्ह टिपून भाड्याने घेण्याच्या सायकली आल्या. 2017 मध्ये त्यांचे ढीग पदपथांवर साचले आणि डिसेंबर 2018 मध्ये एका कंपनीच्या दारी अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्यानंतर नियमन झाले. 31 मे 2019 रोजी ह्वेलोंगग्वान ते शांगदी हा 6.5 किलोमीटरचा केवळ सायकलींसाठीचा मार्ग खुला झाला. जुन्या मार्गिकाही पुन्हा रुंद करण्यात येत आहेत. जे एकदा टाकून दिले, ते परत उभारण्यास किती श्रम व द्रव्य लागते, हे त्या रस्त्यांवर चाकाखाली समजते.

ऋतू, श्वास आणि अर्धशक्ती

बीजिंगचा हिवाळा कोरडा व तीव्र; जानेवारीत तापमान बहुधा शून्याखालीच असते. तेलाचा अभ्यंग, कान झाकणारी टोपी आणि हातमोजे यांवाचून निघू नये. वसंतात धूळ आणि पॉपलर, वाळुंज या वृक्षांचा उडता कापूस नाकाडोळ्यांत जातो. प्रतिश्याय-प्रवृत्तीच्या व्यक्तीने तेव्हा मुखपट्टी बांधावी. सूक्ष्म धूलिकणांचे (पीएम 2.5) वार्षिक सरासरी प्रमाण 2013 मध्ये घनमीटरमागे 89.5 मायक्रोग्रॅम होते, ते 2024 मध्ये 30.5 वर आले. सुधारणा मोठी आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेची 5 ही मर्यादा अद्याप दूरच आहे. म्हणून हवेचा निर्देशांक पाहून निघावे आणि कपाळावर घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे. अर्धशक्ती व्यायामाचा आपला नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

औषधालयाच्या दारी

च्येनमेन वेशीच्या नैऋत्येस दाशिलान ही जुनी बाजारपेठ आहे. तेथे थोंगरनथांग हे 1669 मध्ये स्थापन झालेले औषधालय असून 1723 पासून ते राजदरबारास औषधे पुरवीत असे. सायकल गल्लीबाहेर लावून आत जावे. पारंपरिक चिनी औषधालयात भिंतभर लाकडी खणांचे कपाट असते. कर्मचारी चिठ्ठीप्रमाणे एकेक द्रव्य काढतो, रुग्णादेखत तोलतो आणि दिवसागणिक पुडी बांधतो. घरी काढा करणे ज्यांना जमत नाही, त्यांना औषधालये व रुग्णालये तो उकळून, पिशव्यांत बंद करून देतात. त्या खणांत आपली हरीतकी भेटते, तसेच ‘बीबो’ नावाची पिंपळीही; हे नाव संस्कृत पिप्पलीवरूनच गेलेले आहे.

पिशवीतील काढा ताज्या काढ्याची बरोबरी करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. परंतु रुग्ण व द्रव्य यांची ओळख तेथे तुटलेली नाही, हे लक्षणीय आहे. आपल्याकडे अनेक दुकानांत आज केवळ बंद डब्या व बाटल्या दिसतात. ज्येष्ठमध कसा दिसतो, हे न पाहताच रुग्ण त्याची गोळी घेतो. काष्ठौषधींचे खण कालबाह्य म्हणून आपण काढून टाकले, तर खरे-खोटे द्रव्य ओळखणारी नजरही त्यांच्याबरोबर जाईल. रस्ता पुन्हा रंगविता येतो; ती नजर तयार होण्यास मात्र एक पिढी लागते. औषधालयाच्या मालकांनी दुकानात निदान वीस-पंचवीस द्रव्यांचे खण राखावेत, सहायकास ती हाताळण्यास शिकवावीत आणि वैद्यांनी आठवड्यातून काही चिठ्ठ्या तरी भरड चूर्णाच्या काढ्यासाठी लिहाव्यात, अशी विनंती आहे.