उपकरणं मुकी होतात तेव्हा

भर पावसाळ्यात मुंबईला उतरणाऱ्या विमानात खिडकीपाशी बसलं, की बाहेर नुसता पांढुरका धूर दिसतो. मग एकाएकी खाली घरांची छपरं दिसतात आणि थोड्याच वेळात चाकं टेकतात. पुढे बसलेल्या वैमानिकालाही तोवर यापेक्षा फारसं वेगळं काही दिसत नसतं. मग त्याला धावपट्टी सापडते कशी?

धावपट्टीजवळून दोन रेडिओ संकेत सोडलेले असतात. विमान मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे एक सांगतो. उतरण्याची साधारण तीन अंशांची वाट दुसरा दाखवतो. या व्यवस्थेला ‘आयएलएस’ म्हणतात. तिच्या आधारे सर्वसाधारणपणे जमिनीपासून २०० फुटांपर्यंत खाली येता येतं. तिथेही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यायचं, हा नियम.

हे संकेत पकडणारं विमानातलं यंत्रच बिघडलं तर? ११ सप्टेंबर २०१८ रोजी तसंच झालं. एअर इंडियाचं बोइंग ७७७ दिल्लीहून सुमारे पंधरा तास उडून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापाशी पोहोचलं होतं. आत ३७० प्रवासी होते. ढग अगदी खाली उतरलेले, आणि नेमकं तेव्हाच आयएलएस निकामी झालं. टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडली. जमिनीपासूनची उंची रेडिओ लहरींनी मोजणारं एकच यंत्र चालू राहिलं. इंधन तर कमी होत चाललं होतं.

अशा वेळी वैमानिकांना शिकवलेला क्रम ठरलेला असतो : आधी विमान नीट उडवा, मग दिशा ठरवा, मग बोला. काय काय बंद आहे, हे त्यांनी नियंत्रण कक्षाला स्पष्ट सांगितलं, आसपासच्या विमानतळांवरच्या हवामानाची चौकशी केली आणि शेवटी शेजारचं नेवार्क निवडलं.

आयएलएस नसेल, तर हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि विमानातल्या संगणकाने आखलेली वाट यांच्यावर उतरावं लागतं. पडताळ्याला साधं गणित असतं : दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट. धावपट्टी चार मैलांवर असेल, तर उंची १२०० फुटांच्या आसपास हवी. पण या वाटेला आयएलएसइतका नेमकेपणा नसतो. म्हणून धावपट्टी सहसा अधिक उंचीवरूनच दिसावी लागते आणि ढग किती खाली आहेत यावर सगळं अवलंबून राहतं. नेवार्कला ते विमान सुखरूप उतरलं.

उपकरण बंद पडलं, तर निदान ते कळतं. चालू राहून खोटं सांगू लागलं, तर धोका मोठा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघालं. कॅप्टनसमोरचं, विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि विमान उजवीकडे कललेलं आहे, असंच दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, क्षितिज कुठेच नाही. कॅप्टन विमान डावीकडे वळवत राहिले आणि ते वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व २१३ जण गेले.

अशा अंधारात शरीराची साक्षही उपयोगी पडत नाही. तोल सांभाळणारा आपला आतला कान सावकाश होणारं वळण ओळखत नाही. कललेलं विमानही त्याला सरळच वाटतं. म्हणून मोठ्या विमानांत कल दाखवणारी उपकरणं एकाहून अधिक असतात. दोघांत मतभेद झाला, तर तिसऱ्याला विचारायचं. हा पडताळा काही सेकंदांत व्हावा, यासाठी वैमानिकांकडून जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये हे बिघाड पुन्हा पुन्हा घडवून सराव करून घेतला जातो.

तेव्हा उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं किंवा भलत्याच शहरात उतरलं, तर वैमानिकावर रागावू नका. दिसत नसताना खाली न जाणं, हेही त्याचं कामच आहे.