जर्मन गास्टहोफ : एका पारंपरिक वास्तुप्रकाराचा परिचय

प्रस्तावना

खाणे, पिणे व मुक्काम यांची एकत्रित सोय करणारी जुनी जर्मन इमारत 'गास्टहोफ' या नावाने ओळखली जाते. ती स्वतंत्र वास्तुप्रकार म्हणून अभ्यासल्यास तिची अंतर्गत रचना प्रवासी आणि गाव या दोहोंच्या गरजांतून घडल्याचे स्पष्ट होते.

रचना

तळमजल्यावरील 'गास्टश्टुबे' हे मुख्य दालन होय. लाकडी फळ्यांनी मढविलेल्या भिंती, त्यांना लागून बाक आणि भाजलेल्या मातीच्या फरशांनी बांधलेली उंच शेगडी ही त्याची लक्षणे आहेत. अनेक ठिकाणी शेगडीत लाकूड शेजारच्या स्वयंपाकघरातून घातले जाई. त्यामुळे दालन उबदार, परंतु धूरमुक्त राही. येथील 'श्टामटिश' हे मेज नित्याच्या ग्रामस्थांसाठी राखीव असते. वरच्या मजल्यावर मुक्कामाच्या खोल्या व मोठ्या वास्तूंत विवाह-नृत्यासाठी सभागृह, खाली थंड तळघर, तर मागे अंगण व तबेले असत. गाड्या आत घेता याव्यात म्हणून प्रवेशद्वार रुंद ठेवले जाई. रस्त्यावर झुकलेली घडीव लोखंडाची चित्रपाटी निरक्षर प्रवाशालाही वाट दाखवी. मिल्टेनबर्ग येथील 'त्सुम रीझेन' ही १५९० ची लाकडी सांगाड्याची इमारत या परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण आहे.

अधिकार आणि मार्ग

अनेक प्रदेशांत मद्यविक्रीचा वा बिअर गाळण्याचा अधिकार व्यक्तीऐवजी विशिष्ट घराला जोडलेला असे. मालक बदलला तरी वास्तूचा उपयोग टिकून राहण्यास त्यामुळे मदत झाली. टपालगाड्यांचे घोडे जेथे बदलले जात, तेथील गास्टहोफांना 'पोस्ट' हे नाव मिळाले. १८३५ मध्ये न्यूर्नबर्ग-फ्युर्थ रेल्वे सुरू झाली. पुढे रेल्वेचे जाळे पसरल्यावर तबेल्यांचे प्रयोजन संपले. दालन व सभागृह मात्र गावासाठी उपयोगात राहिले.

समारोप

अलीकडच्या दशकांत ग्रामीण भागातील अनेक गास्टहोफ बंद पडले आहेत. काही इमारती खुल्या संग्रहालयांत हलविण्यात आल्या, तर काही गावांत ग्रामस्थांनी सहकारी संस्था स्थापून त्या स्वतः चालविण्यास घेतल्या. पहिल्या मार्गाने लाकूड व दगड यांचे जतन होते. दुसऱ्या मार्गाने श्टामटिशभोवतीची माणसेही टिकतात. उपयोगातून घडलेल्या वास्तुप्रकाराचे पूर्ण जतन उपयोग चालू राहिल्यानेच शक्य होते.