टेकडी आडवी येत नाही: टोर्नॅडोविषयीचे गैरसमज

टोपीका ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची राजधानी. शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. पोटावाटोमी या मूळनिवासी जमातीच्या एका प्रमुखावरून तिला हे नाव पडलं. ही टेकडी टोर्नॅडोला शहरात शिरू देत नाही, अशी तिथे जुनी समजूत होती. ८ जून १९६६ च्या संध्याकाळी टोर्नॅडो नेमका याच टेकडीवरून उतरला आणि शहर तिरकं चिरत ईशान्येकडे निघून गेला. वॉशबर्न विद्यापीठाची वाताहत झाली, सोळा-सतरा माणसं दगावली. आकडा त्याहून वाढला नाही तो भोंगे आणि टीव्हीवरचे इशारे वेळेत मिळाल्यामुळे. टेकडीचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

टोर्नॅडोविषयीचे भीती घालणारे गैरसमज मी फारसे मनावर घेत नाही. घाबरलेला माणूस निदान आडोसा शोधतो. जीव घेतले आहेत ते धीर देणाऱ्या समजुतींनी. टेकडी अडवेल, नदी ओलांडणार नाही, उंच इमारतींच्या गर्दीत शिरणार नाही, या त्यातल्या नेहमीच्या.

ज्या ढगाच्या पोटातून टोर्नॅडो खाली येतो, त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर असतो. काहीशे फुटांचा उंचवटा त्याला अडवणार कसा? जुलै १९८७ मध्ये तर एक टोर्नॅडो यलोस्टोनच्या परिसरात सुमारे ३,००० मीटर उंचीवरचा डोंगर ओलांडून, जंगल आडवं करत गेला. शहरांचं म्हणाल तर १९९८ मध्ये नॅशव्हिल, २००० मध्ये फोर्ट वर्थ आणि २००८ मध्ये अटलांटा, या तिन्ही ठिकाणी ऐन मध्यवस्तीला फटका बसला. मध्यवस्त्यांची नावं यादीत कमी दिसतात, कारण अफाट मैदानांच्या तुलनेत त्यांचं क्षेत्रफळच नगण्य आहे.

मुळात हे घडतं कसं? जमिनीलगत दमट, उबदार हवा असते आणि तिच्यावर कोरडी, थंड हवा. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत गेली की मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारा गरम झोत या आडव्या लोळाला उभा करतो, आणि मग ढगाचा आतला भागच गरगरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात. प्रत्येक सुपरसेलमधून टोर्नॅडो निघत नाही, आणि एकातून निघतो तर दुसऱ्यातून का नाही, हे कोडं शास्त्रज्ञांना अजून पुरतं सुटलेलं नाही. आपल्याला दिसणारं नरसाळं म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि धूळ. खुद्द वारा अदृश्य असतो. त्यामुळे नरसाळं जमिनीला टेकलेलं दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं. त्याच्याखाली जमिनीवर धूळ गरगरत असेल, तर टोर्नॅडो पोचलेला असतो.

आता खिडक्यांविषयी. टोर्नॅडोच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे बंद घर आतून फुटतं, म्हणून खिडक्या उघडा, असं एके काळी गांभीर्याने सांगितलं जाई. घर फुटत नाही. वारा छपराखाली शिरून छप्पर उचलतो आणि आधार गेलेल्या भिंती कोसळतात. खिडक्या उघडल्या तर वाऱ्याला आत यायची वाट मोकळी होते. शिवाय काचेजवळ उभं राहण्यात मोलाचे क्षण जातात. तळघरात नैर्ऋत्य कोपरा धरा, हाही असाच एक सल्ला. टोपीकातल्या पडझडीचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा घराची दक्षिण बाजू आणि नैर्ऋत्य कोपराच सर्वांत असुरक्षित निघाले, कारण टोर्नॅडो त्याच बाजूने आला होता.

सर्वांत जीवघेणी समजूत मात्र एका व्हिडिओने पसरवली. एप्रिल १९९१ मध्ये कॅन्ससच्या महामार्गावर एक टीव्ही चमू आणि काही प्रवासी पुलाखाली, वर गर्डरजवळ चढून बसले आणि वाचले. ते चित्रण जगभर दाखवलं गेलं. तो टोर्नॅडो दुबळा होता आणि त्यांच्या अगदी डोक्यावरून गेलाही नाही, हे सांगण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात लोकांनी तेच केलं, आणि तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन जणांचा बळी गेला. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा अधिक जोराने घुसतो, आणि त्याबरोबर लाकडं, पत्रे, काचा येतात. टोर्नॅडोत बहुतेक इजा होतात त्या अशा उडत्या वस्तूंनी.

आकारावरून जोर ठरवणंही चुकीचं. ३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातला एल रेनो टोर्नॅडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद होता, नोंदीतला सर्वांत रुंद. फिरत्या रडारने त्यात ताशी ४७० किलोमीटरहून जास्त वेग टिपला. तरी अधिकृत दर्जा मिळाला ईएफ-३, पाचपैकी तीन. याचं कारण मोजमापाच्या पद्धतीत आहे. टेट्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली आणि २००७ पासून सुधारित रूपात वापरात असलेली ही श्रेणी पडझड पाहून वाऱ्याचा अंदाज बांधते. मोकळ्या शेतात पाडायला घरंच नसतील तर दर्जा खाली राहतो. या टोर्नॅडोने टिम समारास यांच्यासारख्या मुरलेल्या अभ्यासकाचाही प्राण घेतला.

आणि हे अमेरिकेचं खास संकट आहे का? संख्येत, हो. तिथे वर्षाला सुमारे १,२०० टोर्नॅडो होतात. पण नोंदीतला सर्वाधिक बळी घेणारा टोर्नॅडो आपल्या शेजारचा आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसं मेली. अमेरिकेतला सर्वांत भीषण टोर्नॅडो १९२५ चा. त्यात ६९५ बळी गेले. बांगलादेशात दाट वस्ती, कच्ची घरं, तळघराचं नाव नाही, आणि सुटलेला प्रत्येक पत्रा म्हणजे पातं. भारतातही पश्चिम बंगाल आणि ओडिशात मार्च ते मे या काळात टोर्नॅडो होतात. १७ मार्च १९७८ रोजी तर उत्तर दिल्लीत एकाने २८ जणांचा जीव घेतला.

महाराष्ट्रात टोर्नॅडो अगदी विरळा. वळवाचे ढग इथेही उंच चढतात, पण त्यांना गरगरायला लावणारा वाऱ्यातला फरक सहसा पुरेसा नसतो. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला आलेलं ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ होतं. ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दोन-तीन दिवस आधी त्याचा माग काढता येतो. टोर्नॅडो एकाच ढगाचं अपत्य. बहुतेक काही मिनिटांचे धनी. अमेरिकेतही इशारा मिळतो तो सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी. चैत्र-वैशाखात माळावर उठणारी वावटळ तर तापलेल्या जमिनीतून वर जाते. ती मांडवाचे पत्रे उडवेल, पण तिचा ढगाशी संबंध नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुळा-मुठेवर दिसलेला, बातम्यांनी गाजवलेला ‘डासांचा टोर्नॅडो’ म्हणजे नुसते कीटकांचे थवे.

तेव्हा ‘आपल्याकडे टोर्नॅडो’ असा व्हिडिओ आला की पुढे पाठवण्याआधी त्यातलं आभाळ बघा. ते निरभ्र असेल, तर तो टोर्नॅडो नाही. आणि बंगाल-ओडिशाकडे असताना खरंच गाठ पडली, तर पूल, झाड, गाडी यांचा आसरा घेऊ नका. पक्क्या घराच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत डोकं झाकून बसा.